धरलं होतंस

रांगेत मार्टी हुदाकचा नंबर लागला आणि नेमकं त्याच वेळी कोबीच्या कोशिंबिरीच्या पातेल्यामागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट घट्ट पकडलं. मार्टीच्या तोंडून निघून गेलं, "मी काय केलं?" म्हाताऱ्याने वर पाहिलंच नाही. त्याचा डावा हात थरथरत होता, हातातला मोठा चमचा पातेल्याच्या काठावर टकटक वाजत होता, आणि तो थांबवायला त्याने मनगट धरलं होतं, एवढंच. चमचा शांत झाला, कोशिंबीर ताटात पडली, शेजारच्या बाईने तळलेला मासा पावात ठेवला, आणि तो नेहमीप्रमाणे पावाच्या दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आला. मागून रीटा म्हणाली, "काय रे, काय पुटपुटतोयस?" "काही नाही." "मग पुढे हो. तुझी बायको सकाळपासून उपाशी आहे." मार्टी पुढे झाला. ताट त्याने उजव्या हातात घेतलं, डाव्या बाजूने कोपराचा टेकू दिला, आणि टेबल शोधायला निघाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपले कान तापलेत.

ईस्टरआधीचा शुक्रवार होता. मांस वर्ज्य, म्हणून सगळं पिट्सबर्ग कुठल्या ना कुठल्या चर्चच्या तळघरात मासे खायला जमलेलं. देव मानणारे, न मानणारे, आणि बायकोने ओढून आणलेले. त्यातल्या कुणालाही एका म्हाताऱ्याचा थरथरता हात दिसला असता. मार्टीला खूण दिसली. मूठ आवळलेली, मनगट दुसऱ्या हाताने पकडलेलं, छातीसमोर. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर रेफरी असा उभा राहिला की समजायचं, होल्डिंग. तू समोरच्याला धरलंस. आपल्या चेंडूवाल्यावर धावून येणाऱ्या माणसाला गार्डने हवं तेवढं ढकलावं, अडवावं, चिखलात लोळवावं. फक्त धरू नये. ज्यांनी जवानी या खेळात घालवली त्यांच्या अंगात ही खूण मुरलेली असते. रस्त्यात कुणी घड्याळाचा पट्टा घट्ट करत असेल तरी हे क्षणभर थबकतात. मार्टीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही, कारण त्या पातेल्यामागच्या म्हाताऱ्याचे डोळे त्याने ओळखले होते.

त्या काळी अंपायर, म्हणजे रेफरीच्या हाताखालचा पंच, समोरच्या संघाच्या रांगेमागे, मैदानाच्या मधोमध उभा राहायचा आणि त्याचं तोंड थेट गार्डकडे असायचं. मार्टी एक हात जमिनीवर टेकून वाकला की समोरच्या पहिलवानाच्या खांद्यावरून त्याला ते फिकट डोळे दिसायचे, टोपीखाली न लवणारे. लिओ टॅगर्ट. आठवडाभर शाळेत भूमिती शिकवायचा आणि रविवारी शिट्टी गळ्यात घालून यायचा. लग्नाच्या बायकोनेही मार्टीकडे इतकं रोखून कधी पाहिलं नसेल. तो इथे कसा, असा प्रश्न मार्टीने स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं: म्हातारा झाला, लेक इथे असेल, लेकीकडे राहायला आला, चर्चच्या बायकांनी हातात चमचा दिला. माणसं अशीच कुठूनतरी कुठेतरी येऊन पडतात. पण इतक्या शहरांतून हे शहर, इतक्या चर्चमधून हे चर्च, आणि तेही याच आठवड्यात. मार्टीने मासा मोडला आणि तो तसाच ताटात ठेवून दिला.

याच आठवड्यात, कारण सोमवारी त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं. जिल्ह्याच्या जुन्या खेळाडूंसाठी एक सन्मान भवन आहे, त्याच्या भिंतीवर मार्टीच्या नावाची पितळी पाटी बसणार होती. सतरंज्या आणि गालिचे विकणाऱ्या माणसाच्या आयुष्यात अशी पाटी काही रोज येत नाही. रीटाचे सगळ्या नातेवाइकांना फोन करून झालेले. पण पाटीवर काय कोरायचं ते भवनाच्या मंडळींनी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मार्टी नुसता हं म्हणाला होता आणि त्यानंतर त्यांचा फोन आला की गोदामात जाऊन उभा राहत होता. "लहानपणी डावा हात गमावूनही हा गार्ड एका हाताने लढला, आणि संपूर्ण कारकिर्दीत त्याच्यावर होल्डिंगचा एकही गुन्हा लागला नाही." खोटं त्यात काहीच नव्हतं. नोंदी तेच सांगत होत्या, वर्तमानपत्रांनी तेव्हा तेच छापलं होतं, कुणीतरी त्याला देशातला सगळ्यात स्वच्छ गार्ड असंही म्हटलं होतं. फक्त मार्टीला एवढंच माहीत नव्हतं की आपल्यावर गुन्हा लागला नाही तो आपण केला नाही म्हणून, की लावायला कुणाचा हात उचलला नाही म्हणून. हे माहीत नसेल तर सात हंगामांचं काय करायचं? ते आपले म्हणायचे की लोकांनी दिलेले?

हात गेला तो ईस्टरच्या आदल्या आठवड्यातच. बापाचं मटणाचं दुकान होतं, आणि सणाच्या सॉसेजसाठी यंत्र दिवसभर चालू. बाप सहा वर्षांच्या मार्टीला म्हणाला, "जरा धर," म्हणजे मांस ढकलायचा लाकडी दांडा धर, मी आलोच. मार्टीने दांडा सोडून मांसच हाताने आत ढकललं. पुढचं त्याला आठवत नाही. आठवतो तो मिऱ्याचा आणि लसणाचा वास, आणि बापाचं तोंड उघडं होतं पण त्यातून आवाज येत नव्हता ते. दुखणं गेलं, जखम भरली, कोपराखाली आखूड बोथट तुकडा राहिला, त्यालाही तो सरावला. ज्याला तो सरावला नाही ती गोष्ट वेगळीच होती. त्या दिवसापासून घरात त्याला कुणी रागावेना. बहिणीने बशी फोडली की धपाटा, त्याने फोडली की आई म्हणायची, "असू दे, राजा." त्याने मुद्दाम फोडून पाहिली. एकदा आख्खं दुधाचं भांडं खिडकीतून खाली टाकलं. आई खाली गेली, काच गोळा केली, वर आली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बहीण दातओठ खात म्हणाली, "तुला काय, तुला सगळं माफ." ती भांडकुदळ होती, पण त्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच होती. शाळेत तेच. गणिताच्या बाई त्याच्या चुकांवर लाल रेघ हलकीच मारायच्या, पेन्सिलीने मारल्यासारखी. मार्टी मऊ गादीवर वाढला, आणि मऊ गादीवर आपला पाय नेमका कुठे टेकलाय ते कळत नाही.

म्हणून फुटबॉल. लोकांना वाटतं त्याने जिद्दीने खेळ निवडला, शाळाशाळांतून त्याला भाषणाला बोलावतात ते त्यासाठीच, आणि तोही जातो, कारण नाही म्हणणं बरं दिसत नाही. खरं म्हणजे त्याने खेळ निवडला तो कोच पेट्राकिसच्या शिव्यांसाठी. हा पेट्राकिस बुटका, घसा बसलेला माणूस. पहिल्या दिवशी त्याने मार्टीच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "चेंडू तुला पकडता येणार नाही, म्हणून गार्ड हो. गार्डला चेंडू कुणी दाखवतसुद्धा नाही." आणि दहा मिनिटांनी, "अरे ठोंब्या, पाय हलव, पाय. तुझ्या आजीचं कपाटसुद्धा तुझ्या आधी सरकेल." मार्टी त्या रात्री घरी जाऊन गादीवर पडला आणि पोट धरून हसला. कुणीतरी त्याला ठोंब्या म्हणालं होतं. तिथून पाय हलवायचं जे वेड लागलं ते लागलंच. ज्याला एक हात कमी आहे त्याने समोरच्यापेक्षा आधी पोचावं, एवढंच त्याला कळलं होतं. कॉलेजात तेच, आणि पुढे सरोवराकाठच्या त्या संघात पैसे घेऊन खेळायला लागला तेव्हाही तेच. तो इतका घाईत असायचा की कितीतरी वेळा चेंडू हलायच्या आधीच हलायचा, गुन्हा म्हणून पंचाचा पिवळा रुमाल पडायचा, संघ पाच यार्ड मागे जायचा. कोच डोकं धरून बसायचे. मार्टीला मात्र त्या पिवळ्या रुमालाचं आतून बरं वाटायचं, पण हे सांगणार कुणाला? त्याला पकडलं जायचं. बाकीच्यांसारखं, पाठीवरचा नंबर पुकारून.

आणि मग तो डिसेंबरचा सामना. वर पाऊस, खाली चिखल, शेवटची काही मिनिटं. समोर डेलरॉय टीग नावाचा माणूस, दरवाजाएवढा रुंद आणि मांजरीसारखा वळणारा. चेंडू हलला, मार्टीचा पाय घसरला, टीग त्याच्या डावीकडून निसटला, आणि मार्टीचा तो आखूड हात आपोआप वळला. कोपराच्या बेचक्यात टीगचा दंड आणि बाही दोन्ही सापडले, त्याने आवळलं, ओढलं. चेंडूवाल्याला एक क्षण जास्त मिळाला, तेवढ्यात त्याने चेंडू लांब फेकला, गुण मिळाले, आणि गवतावर पिवळा रुमाल पडलेला दिसला. रेफरी मधोमध आला, माइक सुरू केला. "होल्डिंग. नंबर सहासष्ट." आणि त्याने मूठ आवळून स्वतःचं मनगट पकडलं. मग वरून कुठूनतरी एक जण हसला, शेजारचा हसला, आणि मग ते हसू वरून खाली उतरत आलं, कारण ज्याला मनगटच नाही त्याच्याकडे तोंड करून एक माणूस मनगट धरून उभा होता. रेफरीला ते कळलं तेव्हा त्याने हात एकदम खाली टाकले. पंच एकत्र जमले, काहीतरी बोलले, आणि रेफरी परत आला. "गुन्हा नाही." रुमाल उचलला गेला. साठ हजार लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमध्ये डेलरॉय टीग मार्टीच्या शेजारून गेला आणि शांतपणे म्हणाला, "मज्जा आहे बाबा तुझी. माझ्यासाठी नसता कुणी उचलला." तेच वाक्य, बहिणीचं. फक्त आवाज जाड होता.

तेव्हापासून हे मनात घरच करून बसलं होतं. एक उचलला तो सगळ्यांना दिसला. पण न टाकलेले किती? रोज सराव, सात हंगाम, दर सामन्यात साठसत्तर वेळा अंगाला अंग भिडायचं, त्या झटापटीत आपला कोपर कुठे जातो ते स्वतःला तरी कुठे कळतं? गुडघा गेला, खेळ सुटला, दुकान टाकलं, मुली मोठ्या झाल्या, आणि तरी गालिच्याची गुंडाळी उचलताना तो आखूड हात आपोआप तिच्याभोवती वळला की मार्टी थांबायचा. धरलं का आपण? कुणी पाहत होतं का? पाहूनही गप्प होतं का?

"मासा गार झाला," रीटा म्हणाली. तिने स्वतःचा केव्हाच संपवून त्याच्या कोशिंबिरीत काटा घातला होता. "सांग आता. रांगेत भूत पाहिलंस का?"

"तो कोशिंबीरवाला आहे ना. तो टॅगर्ट."

"कोण टॅगर्ट?"

"अंपायर. त्या सामन्याचा."

रीटाने काटा खाली ठेवला. त्या सामन्याचा म्हणजे कुठल्या, हे तिला विचारावं लागलं नाही. ती पंचवीस वर्षं त्या सामन्याबरोबर संसार करत होती. तिने मान वळवून पाहिलं. पातेल्यामागे आता एक बाई उभी होती आणि म्हातारा एप्रन अंगावर तसाच ठेवून मागच्या दाराने बाहेर चालला होता.

"जा मग," ती म्हणाली.

"जाऊन काय विचारू? माझी कीव केलीत का, असं?"

"तसंच विचार. तो म्हातारा तुला खाणार आहे का? शुक्रवार आहे, मांस चालत नाही त्याला."

"आणि हो म्हणाला तर?"

रीटाने काटा परत उचलला. मग म्हणाली, "तर पाटी नको म्हणू. मावश्यांना मी सांगेन. पण मार्टी, गोदामात लपायचं बंद कर. गालिच्यांनासुद्धा कंटाळा आला असेल तुझा."

मागच्या दाराबाहेर गाड्या लावायची जागा होती. या शहरात रस्त्यावरची जागा धरायला लोक जुनी खुर्ची आणून ठेवतात, आणि दुसऱ्याची खुर्ची सरकवणारा माणूस कायमचा बदनाम होतो. तशीच एक घडीची खुर्ची पांढऱ्या रेघांच्या मधोमध ठेवली होती आणि तिच्यावर लिओ टॅगर्ट बसला होता, थरथरता हात मांडीखाली दाबून. ऊन उतरायला आलं होतं. मार्टीला वाटलं परत फिरावं. ज्या गोष्टीला इतकी वर्षं उत्तर नव्हतं तिच्याबरोबर राहायची निदान सवय तरी झाली होती.

"सहासष्ट," म्हातारा म्हणाला. वर न बघता. "रांगेतच ओळखलं तुला. 'मी काय केलं' म्हणालास. म्हटलं, हा अजून तेच विचारतोय."

मार्टी म्हणाला, "तुम्ही इकडे कधीपासून?"

"लेकीकडे आलो नाताळात. ते राहू दे. कशाला आलास ते बोल."

"तो रुमाल," मार्टी म्हणाला. आवाज बारीक निघाला, त्याचा त्याला राग आला. "कीव आली म्हणून उचललात का तुम्ही?"

"मी?" म्हाताऱ्याने आता वर पाहिलं. डोळे तसेच होते, न लवणारे. "मी टाकला. टाकणारा उचलतो होय? उचलला तो माइकवाल्याने. मी त्याला म्हणालो, पोराने धरलंय. तो म्हणाला, लिओ, लोक हसतायत. म्हटलं, हसू देत, तिकीट काढून आलेत. तो म्हणाला, धरलं कशाने, ते तरी सांग. म्हटलं, कोपराने. त्याच्या कोपरात त्या टीगचा दंडही होता आणि बाहीसुद्धा. पण शेवटचा शब्द त्याचा. परत जाताना विमानात मी त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. पुढचं वर्षभर बोललो नाही. लेक म्हणते, बाबा, सोडा आता. कसं सोडू? ते होल्डिंग होतं." त्याने मांडीखालचा हात काढला आणि एक बोट मार्टीकडे रोखलं, ते थरथरत होतं तरी रोखलेलंच राहिलं. "धरलं होतंस की नाही?"

मार्टीने त्या बोटाकडे पाहिलं. "धरलं होतं," तो म्हणाला.

"हं," म्हातारा म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

"आणि बाकीच्या वेळी?"

"कुठल्या बाकीच्या?"

"जेव्हा तुम्ही टाकला नाही. तेव्हा मी धरत असेन. तुम्ही सोडून देत असाल. हाताकडे बघून."

म्हाताऱ्याचं तोंड आंबट झालं. वर्गात कुणी वेडगळ उत्तर दिल्यावर होत असेल तसं. "मला सांग, माणूस धरतो कधी? उशीर झाल्यावर. समोरचा निसटला, पाय पोचले नाहीत, मग हात जातो. वेळेवर पोचलेल्या माणसाला धरायची गरज काय? तुला उशीर व्हायचा नाही. तुझं दुखणं उलटं. तू आधी निघायचास, बावळटासारखा, त्याबद्दल कितीदा मी तुला मागे पाठवलंय. त्या दिवशी चिखलात पाय घसरला, उशीर झाला, धरलंस. मी टाकला. रोज धरलं असतंस तर रोज टाकला असता. मी काय तुझी आई लागतो?" तो दम घ्यायला थांबला. "हात म्हणे. तुझ्या हाताकडे बघायला वेळ कुणाला होता? दोन हातवाल्यांनीच मला आयुष्यभर कामाला लावलं."

मार्टी हसायला लागला. आधी नुसता श्वास सुटल्यासारखा, मग खांदे हलायला लागले, मग त्याला टेकायला भिंत शोधावी लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. किती साधं होतं. एकदा उशीर झाला, एकदा धरलं, एकदा पकडला गेला. ज्या माणसाने तेव्हा सोडलं नाही त्याने आधीही सोडलं नसणार, नंतरही नाही. त्या फिकट डोळ्यांसमोर मार्टी रविवारमागून रविवार उभा राहिला होता, आणि ते डोळे गप्प होते कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. सगळे हंगाम एकेक करून त्याच्याकडे परत येत होते, पावसातले, उन्हातले, हरलेले धरून. डेलरॉय टीग म्हणाला ते एका रुमालापुरतं खरं होतं. तेवढं त्याचं देणं राहिलं, आणि तेवढं मार्टी कबूल करू शकत होता. छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं.

दार उघडून रीटा बाहेर आली, हातात उरलेल्या माशाची पुडी. तिने नवऱ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. "रडवलंत का याला?"

"पाटीवरची ती ओळ काढायला सांगायची," मार्टी डोळे पुसत म्हणाला. "एकही गुन्हा नाही, ती. सोमवारी मीच सांगतो."

"आणि तिथे काय कोरायचं मग?"

"एकदा धरलं, असं कोरा," म्हातारा म्हणाला. "तारीख घाला."

मार्टी त्याच्यासमोर सरळ उभा राहिला. उजवा हात पुढे आणून त्याने डावा आखूड हात पकडला, जिथे तो संपतो त्याच्या जरा वर. टॅगर्टने मान तिरकी करून बारकाईने पाहिलं.

"खाली आहे," तो म्हणाला. "छातीसमोर."

मार्टीने हात वर घेतले. म्हाताऱ्याने एप्रनला खोचलेलं फडकं ओढून काढलं. पांढरं, तेलाचे डाग पडलेलं साधं स्वयंपाकघरातलं फडकं. थरथरत्या हाताने ते त्याने मार्टीच्या पायाशी फेकलं, आणि वाऱ्याने थोडं सरकून ते पांढऱ्या रेघेवर पडलं. रीटा सवयीने उचलायला वाकली.

"राहू दे," मार्टी म्हणाला.